क्वार्टरबॅक पाहिजे!

मुलांनो, सातवीतल्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या मोठ्या कॉलेजातून कुणी विचारले, "बारावी झाली की आमच्याकडेच ये, फी नाही, राहण्याजेवणाचा खर्च नाही," तर घरात काय होईल? आई पेढे आणायला पाठवेल, बाबा नातेवाइकांना फोन करत सुटतील, आणि ते मूल? ते बहुधा विचारेल, "मग आता परीक्षेचा अभ्यास करायचा की नाही?"

असे खरेच घडले होते, बरं का! फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत एक बातमी खूप गाजली. डेव्हिड सिल्स हा १३ वर्षांचा, सातवीत शिकणारा मुलगा. राहणारा पूर्व किनाऱ्यावरच्या डेलावेअर राज्यातला. आणि त्याला बोलावले कुणी? तर पार दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस शहरात असलेल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी, लेन किफिन यांनी. शाळा संपली की आमच्या संघात शिष्यवृत्तीवर ये, असे त्यांनी सुचवले आणि मुलगा 'हो' म्हणाला. कॉलेजात जायला अजून पाच वर्षे होती!

या मुलाचे पुढे काय झाले? सांगते, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी कॉलेजवाले असे एकेका मुलाच्या मागे का लागतात, ते पाहू.

हा कसला फुटबॉल?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत 'सॉकर' म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळाच. चेंडू गोल नसतो, तो दोन्ही टोकांना निमुळता असतो. नाव 'फूट'बॉल, पण पायाचे काम थोडे आणि हाताचेच जास्त! अंगावर मार बसतो म्हणून खेळाडू डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर जाड गाद्या बांधून उतरतात.

मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांचा पट्टा. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू आहे, त्याला चार प्रयत्न मिळतात. या चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. सरकलात, की पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही जमले, तर चेंडू दुसऱ्या संघाकडे. असे पुढे पुढे जात समोरच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू पोचवला, की झाला 'टचडाउन'. त्याचे ६ गुण.

आता या अकरांत क्वार्टरबॅक कोण? प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला मधला खेळाडू वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे देतो. तो चेंडू हातात घेणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला, की त्याच्यापुढे तीन वाटा. शेजारच्या धावपटूच्या हातात तो द्यायचा, लांब पळत गेलेल्या साथीदाराकडे फेकायचा, नाही तर स्वतःच छातीशी धरून पळायचे. यांतली एक वाट निवडायला वेळ किती? जेमतेम अडीच-तीन सेकंद! आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोंचे दांडगे गडी त्याला आडवे करायला धावत येत असतात. "एक, दोन, तीन" असे म्हणून पाहा. संपला त्याचा वेळ.

हा खेळ अमेरिकेतल्या कॉलेजांनीच वाढवला. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांतला ६ नोव्हेंबर १८६९ चा सामना हा तिथला पहिला कॉलेज फुटबॉल सामना मानतात. पण तेव्हाच्या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायला मनाई होती. ती परवानगी १९०६ मध्ये मिळाली. तेव्हापासून क्वार्टरबॅकचे महत्त्व वाढत गेले, ते आजपर्यंत.

आणि प्रेक्षक किती असतात म्हणता? मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे बसतात! तीसुद्धा कॉलेजच्या मुलांचा सामना पाहायला. शनिवारी सामना असला, की सगळे गाव त्या कॉलेजच्या रंगाचे कपडे घालून बाहेर पडते. संघ हरला, तर पहिला प्रश्न असतो, "क्वार्टरबॅक कोण होता?" जिंकला, तरीही प्रश्न तोच.

संगीत खुर्चीचा खेळ

कॉलेजच्या संघात शंभराच्या आसपास खेळाडू असतात. दर वर्षी काही जण पदवी घेऊन जातात आणि तेवढ्याच नव्या मुलांची भरती करावी लागते. एका खेळाडूला साधारणपणे चारच मोसम खेळता येतात. म्हणजे प्रशिक्षकाची शोधाशोध कधी संपतच नाही.

बाकीच्या जागांसाठी दर वर्षी तीन-चार मुले घेतली, तरी चालते. त्यांना आलटून पालटून खेळवता येते. क्वार्टरबॅकचे तसे नाही. एका वेळी मैदानात एकच. त्यामुळे बहुतेक संघ एका वर्षी एखादाच, फार तर दोन क्वार्टरबॅक घेतात. जास्त घेतले, तर उरलेले नुसते बाकावर बसून कंटाळतील आणि निघून जातील.

मग काय होते? तुम्ही वाढदिवसाला संगीत खुर्ची खेळता ना, अगदी तसेच. एका कॉलेजात एकच खुर्ची. एखादा चांगला मुलगा तिच्यावर बसला, की त्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेली बाकीची मुले दुसरीकडे धावतात. तिकडे कॉलेजांचीही तीच गत. मनातला मुलगा दुसऱ्याने नेला, की त्यांना यादीतल्या पुढच्या नावाकडे धाव घ्यावी लागते. म्हणून दोघांनाही घाई. बाकीचे खेळाडू ठरण्याच्या कितीतरी आधी क्वार्टरबॅक ठरून जातात. एकदा का नामांकित क्वार्टरबॅक ठरला, की चेंडू झेलणारी चांगली मुलेही म्हणतात, "तो आहे ना? मग आम्हीही येतो."

पण यात एक मेख आहे. मुलाने तोंडी दिलेला 'हो' कच्चा असतो. तो कधीही बदलता येतो. आणि कॉलेजने तोंडी दिलेले वचनही तितकेच कच्चे! शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होण्याआधी कॉलेजला लेखी प्रस्ताव देता येत नाही. पक्की सही त्याच शेवटच्या वर्षात होते. पूर्वी सह्यांचा दिवस फेब्रुवारीतला पहिला बुधवार असे. २०१७ पासून डिसेंबरमध्येही सही करता येऊ लागली आणि आता बहुतेक मुले तेव्हाच करून टाकतात. त्या दिवशीची गंमत पाहण्यासारखी असते. मुलगा शाळेत टेबलापाशी बसतो. टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या. शेजारी आईवडील. समोर कॅमेरे. तो हात पुढे करतो, थोडा थांबतो, आणि एक टोपी उचलून डोक्यावर घालतो. टाळ्याच टाळ्या!

पारख कशी करतात?

अमेरिकेत हायस्कूलचे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री असतात. गावोगावच्या त्या सामन्यांना कॉलेजचे प्रशिक्षक जाऊन बसतात. पूर्वी मुले आपल्या खेळाच्या व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवत. आता ते चित्रण संगणकावर एका क्षणात पोचते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे शिबिरे भरवतात. तिथे मुलांना जवळून पाहता येते.

शिबिरात काय काय मोजतात? उंची मोजतात, कारण समोरच्या दांडग्या गड्यांच्या डोक्यांवरून पलीकडचे दिसायला हवे. वजन, पळण्याचा वेग, चेंडू किती लांब आणि किती नेमका जातो, तेही पाहतात. आणि गंमत म्हणजे वीतही मोजतात! अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत हात ताणून धरायचा आणि पट्टीने मोजायचे. वीत मोठी, तर पावसात आणि थंडीत चेंडू निसटत नाही, असा हिशोब. तुम्हीही आत्ताच मोजून पाहा. २३ सेंटिमीटर म्हणजे साधारण ९ इंच. ही मोठ्या क्वार्टरबॅकच्या हातासाठी लहान वीत समजतात.

एवढ्यावर भागत नाही. प्रशिक्षक शाळेतल्या शिक्षकांशी बोलतात. गुणपत्रिका मागतात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी 'एनसीएए' नावाची संस्था आहे. तिच्या नियमाप्रमाणे वरच्या गटातल्या कॉलेजात पहिल्याच वर्षी खेळायचे असेल, तर हायस्कूलमध्ये भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे १६ मुख्य अभ्यासक्रम पुरे केलेले असावे लागतात आणि त्यांत ठरलेले किमान गुणही लागतात. चेंडू ६० यार्ड फेकता येतो, पण गणितात नापास? मग दार बंद!

शेवटी प्रशिक्षक मुलाच्या घरी जातात. बैठकीच्या खोलीत बसून आईवडिलांशी बोलतात. नंतर मुलाला कॉलेज पाहायला बोलावतात, आणि त्या अधिकृत भेटीचा प्रवासखर्च कॉलेज करते. तिथे सगळे त्याच्याशी गोड बोलतात. त्याच वेळी त्याच्यासारख्याच आणखी दोघांशीही गोड बोलणे चालू असते, हे शहाणी मुले ओळखून असतात.

जे पट्टीने मोजता येत नाही

आता प्रश्न असा, की इतके मोजमाप, इतकी धावपळ, इतका खर्च करूनही पारख बरोबर ठरते का?

पुष्कळदा ठरते. पण जेव्हा चुकते, तेव्हा अशी चुकते, की विचारू नका!

कॅलिफोर्निया राज्यात फायरबॉ नावाचे लहानसे शेतीचे गाव आहे. तिथे जॉश ॲलन नावाचा मुलगा वाढला. घरची शेती. शेतात कापूसही पिकायचा. मुलगा शेतात काम करायचा आणि शाळेच्या संघात क्वार्टरबॅक म्हणून खेळायचा. उंच, पण अंगाने किरकोळ. बारावी झाली, पण वरच्या गटातल्या एकाही कॉलेजने त्याला बोलावले नाही. लहानपणापासून ज्या जवळच्या कॉलेजचे सामने तो आवडीने पाहायचा, त्यांनीही नाही.

मग त्याने काय केले? जवळच्या रीडली गावातल्या दोन वर्षांच्या लहान कॉलेजात नाव घातले. २०१४ मध्ये तिथे चांगला खेळला. अंगही भरू लागले. आणि मग त्याने पत्रे लिहायला घेतली. कागदाची नव्हे, ई-मेलची. देशभरातल्या मोठ्या संघांच्या प्रशिक्षकांना त्याने हजाराहून अधिक ई-मेल पाठवले. 'हा माझा खेळ, एकदा पाहा.' बहुतेकांनी उत्तरही दिले नाही. शिष्यवृत्ती द्यायला तयार झाली ती अवघी दोन कॉलेजे! त्यांतले एक तो दुसरीकडे भेट द्यायला गेला म्हणून मागे फिरले. उरले वायोमिंग. वायोमिंग विद्यापीठ लॅरमी गावात आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्याहूनही ते कितीतरी वर. हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. उबदार मुलुखातला हा शेतकऱ्याचा मुलगा तिथे गेला. पहिल्याच मोसमात, २०१५ मध्ये, सुरुवातीलाच त्याचे गळपट्टीचे हाड मोडले आणि पुढचे सगळे सामने बुडाले. तरी तो टिकला. २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत बफेलो बिल्स संघाने त्याला देशात सातव्या क्रमांकावर उचलले. आणि २०२४ च्या मोसमात तो सगळ्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ज्यांनी त्याच्या ई-मेलना उत्तर दिले नव्हते, त्यांनी काय केले असेल? जुने ई-मेल शोधून पुन्हा वाचले असतील का?

दुसरी गोष्ट टॉम ब्रेडीची. हा कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ गावातल्या शाळेचा क्वार्टरबॅक. त्याच्या खेळाची कॅसेट तयार करून घरच्यांनी बऱ्याच कॉलेजांना टपालाने पाठवली. १९९५ मध्ये तो मिशिगनला गेला. हो, त्याच लाखावर प्रेक्षकांच्या मिशिगनला! पण तिथे गेल्यावर यादीत त्याचा नंबर सातवा. सहा जण पुढे! ज्या प्रशिक्षकांनी त्याला आणले, ते तो येण्याआधीच दुसरीकडे निघून गेलेले. तीन वर्षे तो जवळजवळ बाकावरच होता. १९९८ मध्ये कुठे त्याला मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उभे केले. पुढे २००० साली व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचा क्रमांक लागला १९९ वा. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. आणि या १९९ व्या मुलाने पुढे सात वेळा 'सुपर बोल' हे सर्वांत मोठे विजेतेपद जिंकले. इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याच खेळाडूकडे नाहीत.

उंची, वेग, वीत हे सगळे पट्टीने आणि घड्याळाने मोजता येते. पण पडल्यावर पुन्हा उभे राहणे, चूक झाली तर पुढच्या चेंडूला घाबरून न जाणे, तीन वर्षे बाकावर बसूनही रोज सरावाला वेळेवर येणे, हे कोणत्या पट्टीने मोजायचे? आणि सतरा वर्षांच्या मुलाचे अंग आणि मन अजून वाढतच असते ना! आज मोजलेले उद्या तेवढेच राहील, असे कोण सांगणार?

नजरच वाकडी असेल तर?

कधी कधी मात्र चूक पट्टीची नसते, पाहणाऱ्याच्या मनाची असते. तेही सांगायला हवे.

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना अनेक वर्षे क्वार्टरबॅकच्या जागेवर खेळू देत नसत. "तू पळतोस छान, तू दुसऱ्या जागेवर खेळ," असे त्यांना सांगत. डोके चालवण्याची जागा गोऱ्या मुलांसाठी, असा त्यामागचा दुष्ट समज. लॉस एंजेलिसच्या वॉरन मूनलाही हेच ऐकावे लागले. त्याला बोलावणाऱ्या बहुतेक कॉलेजांची अट होती, की जागा बदल. तो म्हणाला, मी क्वार्टरबॅकच होणार. मोठी कॉलेजे सोडून तो आधी एका लहान कॉलेजात खेळला आणि तिथून वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. जानेवारी १९७८ मध्ये 'रोझ बोल' या मानाच्या सामन्यात त्याच्या संघाने मिशिगनला २७–२० असे हरवले आणि तो सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढे होऊनही त्या वर्षीच्या निवडीत अमेरिकेतल्या एकाही व्यावसायिक संघाने त्याचे नाव घेतले नाही! तो कॅनडात गेला. तिथे त्याच्या संघाने सलग पाच वेळा विजेतेपद मिळवले. मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या संघाने त्याला सन्मानाने बोलावले. २००६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपर बोलच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मुख्य क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. असे त्या सामन्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडले. ज्या मुलांना "ही जागा तुझी नाही" असे सांगितले गेले, त्या सगळ्यांना वॉरन मूनसारखे दुसऱ्या देशात जाता आले नसेल. त्यांची नावे आपल्याला कधी कळणारही नाहीत.

पैसा आला, दारे उघडली

कॉलेजचे खेळाडू म्हणजे विद्यार्थी, त्यांनी शिष्यवृत्तीपलीकडे पैसा घ्यायचा नाही, असा नियम फार वर्षे होता. टेक्सासमधल्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या संघात खेळाडूंना चोरून पैसे दिले जात होते. ते उघडकीस आले आणि पुन्हा घडले, तेव्हा त्या संघाचा १९८७ चा सबंध मोसमच एनसीएएने रद्द केला.

आता काळ बदलला आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छायाचित्र जाहिरातींसाठी वापरू देऊन पैसे मिळवता येतात. जुलै २०२५ पासून तर कॉलेजेही आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देऊ शकतात. त्यामुळे बैठकीच्या खोलीतल्या गप्पांत आता पैशाचा विषय निघतो. लाखभर लोक तिकीट काढून ज्यांचा खेळ पाहतात, त्यांना त्यातले काही मिळावे, हे योग्यच. पण अठराव्या वर्षी समोर मोठा आकडा दिसला, की शिक्षण कुठे चांगले आणि शिकवणारा कोण, हे प्रश्न मागे पडण्याची भीतीही आहेच.

कॉलेज बदलणेही सोपे झाले आहे. पूर्वी खेळाडूने कॉलेज बदलले, तर बहुतेक वेळा एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून हा नियम सैल झाला. त्यामुळे आता प्रशिक्षक शाळेतल्या कोवळ्या मुलांबरोबरच दुसऱ्या कॉलेजातल्या तयार क्वार्टरबॅककडेही पाहतात. शाळेतल्या मुलांची खुर्ची आणखी लहान झाली, म्हणा ना!

जुन्या नियमातही एक वाट मात्र होती, आणि ती अभ्यासातून जात होती. जो बरो हा ओहायो राज्यातला मुलगा. ओहायो स्टेट विद्यापीठात तो तीन वर्षे बाकावर राहिला. पण त्याने एक काम केले. चार वर्षांची पदवी तीन वर्षांत पुरी केली! पदवी हातात असलेल्याला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येत असे. २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला. २०१९ च्या मोसमात त्याने ६० टचडाउन फेकले, संघ १५ पैकी १५ सामने जिंकून देशात पहिला आला आणि त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मानाचा 'हाइजमन' पुरस्कार मिळाला. पुरस्कार घेताना तो कुणाबद्दल बोलला, माहीत आहे? आपल्या भागातल्या, शाळेतून घरी गेल्यावर पोटभर जेवायला न मिळणाऱ्या मुलांबद्दल. ते ऐकून लोकांनी तिथल्या अन्नछत्राला ५ लाख डॉलरहून अधिक देणगी दिली. आणि हो, या बरोची वीत बरोबर ९ इंच. लहान म्हणतात ना, तीच!

आणि तो सातवीतला मुलगा?

आता डेव्हिड सिल्सकडे परत जाऊ.

सप्टेंबर २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने लेन किफिन यांनाच काढून टाकले. बोलावणारेच गेले, मग बोलावणे कुठले राहणार? २०१० मधला तो कच्चा 'हो' तसाच विरून गेला. डेव्हिड सदर्न कॅलिफोर्नियासाठी कधी खेळलाच नाही. तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. तिथे प्रशिक्षकांना तो चेंडू फेकण्यापेक्षा झेलण्याच्या जागेवर जास्त बरा वाटला. पण लहानपणापासूनचे स्वप्न असे सोडवते का? २०१६ मध्ये तो एका लहान कॉलेजात गेला आणि तिथे पुन्हा क्वार्टरबॅक म्हणून खेळून पाहिले. पण हवे तसे बोलावणे आले नाही. मग त्याने मनाशी काही ठरवले. २०१७ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियाला परतला, तो चेंडू झेलणारा म्हणून. त्या एका मोसमात त्याने १८ टचडाउन झेलले! देशातल्या सर्वोत्तम झेलणाऱ्यांत त्याचे नाव आले आणि पुढे तो व्यावसायिक संघातही खेळला.

म्हणजे पाहा. जॉश ॲलनला सगळ्यांनी 'नाही' म्हटले आणि ते 'नाही' खोटे ठरले. डेव्हिड सिल्सला सातवीत 'हो' म्हटले आणि ते 'हो' टिकले नाही. मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसांचे 'हो' काय आणि 'नाही' काय, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेले असतात.

तुम्हालाही कुणी ना कुणी निवडत असतेच. शाळेच्या कबड्डीच्या संघासाठी, स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी, शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी. फळ्यावर यादी लागते. तुम्ही धावत जाता, नाव शोधता. नाव नसले, तर घशाशी आवंढा येतो. येणारच. पण ती यादी आज तुम्ही कसे आहात, तेवढेच सांगते, आणि तेही पाहणाऱ्याला दिसले तेवढेच. नाव असले, तर आनंदाने उड्या मारा, पण दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर जा. कारण यादी पुढच्या वर्षी पुन्हा लागायची असते.

आणि पालकहो, एक शब्द तुमच्यासाठीही. तेरा वर्षांच्या मुलाला कुणी भावी डॉक्टर, भावी चॅम्पियन म्हटले, की आपल्याला बरे वाटते. पण ते बिरुद मुलाला वाहावे लागते. त्याला चेंडू फेकायचा की झेलायचा, हे शोधायला वेळ द्या. डेव्हिडला ते सापडायला सात वर्षे लागली.

आता उठा आणि वीत मोजा. जी येईल ती वहीत लिहून ठेवा. पेन्सिलीने, बरं का! पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची आहे.